जुने पाच डेस्कटॉप, डेबियन १३ आणि मराठी बोलणारा ओर्का: अभ्यासिकेतल्या कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

अभ्यासिका नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळी सहापासून जागा धरून बसतात. कोपऱ्यातले पाच डेस्कटॉप दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. सगळे चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, चारांच्या हार्ड डिस्क जुन्या. त्यांवर विंडोज १० आणि एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा वाचक (स्क्रीन रीडर).

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे ही यंत्रं तिकडे जाणार नाहीत. नवी घ्यायला अभ्यासिकेकडे पैसे नाहीत. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांनी विचारलं, "लिनक्सवर चालतील का रे?" चालतील हे माहीत होतं. बोलतील का, ते करून बघावं लागणार.

ठरलं ते असं. डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती, जी नुकतीच ९ ऑगस्टला आली. चार यंत्रांवर माटे डेस्कटॉप, कारण हलका आहे आणि एक्स-११ या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतो. पाचव्यावर गनोम हा डेस्कटॉप, कारण अल्पदृष्टी मुलांना त्यातलं भिंग हवं. वाचक अर्थात ओर्का, लिनक्सवरचा स्क्रीन रीडर.

आवाज कसा निघतो ते एकदाच लिहून ठेवतो, पुढे सारखं लागेल. खिडकीतला मजकूर एटी-एसपीआय या मार्गाने ओर्काकडे येतो. ओर्का तो स्पीच डिस्पॅचरला देतो, तो ईस्पीक एनजी या इंजिनाला, आणि तिथून आवाज पाइपवायरमार्गे (लिनक्समधली आवाज हाताळणारी व्यवस्था) साउंड कार्डात. यातलं काहीही बिघडलं तरी वापरणाऱ्याला लक्षण एकच मिळतं: शांतता. एरर मेसेज पडद्यावर असतो, आणि पडदा दिसत नाही.

चाचणी ताई करणार. त्या स्वतः दृष्टिहीन, एनव्हीडीएवर कित्येक वर्षं काम केलेल्या, आता राज्यसेवेची तयारी करतात. अट त्यांनीच घातली: "तू मॉनिटर बंद करून दाखव, मग मला बोलव."

१६ ऑगस्ट, शनिवार

तपकीर गल्लीतून २४० जीबीच्या चार एसएसडी आणल्या, प्रत्येकी ₹१,४५०. पाचव्या यंत्रात आधीच होती. वापरलेल्या डीडीआर-३ रॅमच्या ४ जीबीच्या पट्ट्या ₹५०० ला एक. एकीने दुसऱ्या दिवशीच मान टाकली, ती दुकानदाराने बिनबोभाट बदलून दिली.

पहिलं यंत्र ताईंनी स्वतः, कानांवर विसंबून लावलं. डेबियनच्या इन्स्टॉलरला ही सोय आहे: सुरुवातीचा मेनू आला की 'एस' दाबायचं आणि एंटर, मग पुढचं सगळं इन्स्टॉलर बोलून विचारतो. मेनू आल्याची खूण म्हणून बीप वाजतो, पण तो मदरबोर्डच्या चिमुकल्या स्पीकरवर. या यंत्रांना तो स्पीकरच नाही. त्यामुळे यंत्र चालू केल्यावर मनात वीसपर्यंत मोजून 'एस' दाबायचं असं ठरवलं. पहिल्यांदा घाई झाली, दुसऱ्यांदा जमलं.

दोन साउंड कार्डं सापडली तर इन्स्टॉलर एकेकावर बोलून बघतो. ज्यावर आवाज आला तिथे एंटर दाबायचं. हे फार चांगलं केलंय. इन्स्टॉलरशी बोलणं इंग्रजीतच केलं, मराठी नंतर. आणि अशा तऱ्हेने लावलेल्या यंत्रात नंतर ओर्का आपोआप चालू असतो, वेगळं काही करावं लागत नाही.

डोळसाची मदत लागली ती फक्त बायोसमध्ये, पेन ड्राइव्हवरून बूट करायला सांगायला. बायोस बोलत नाही. तिथे कोणाकडे काही उपाय असेल असं मला वाटत नाही. एका यंत्राची बायोसची बटण-बॅटरी संपलेली होती, म्हणून दर वेळी तारीख विसरायचं. ₹३० ची बॅटरी.

बाकी यंत्रं मी नेहमीच्या पद्धतीने लावली आणि इंटरनेट वाचवायला 'शिफारस केलेली पॅकेजेस नकोत' हा पर्याय दिला. हे लक्षात ठेवा, पुढे याचं बिल आलं.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन नंबरचं यंत्र मुकं. पडद्यावर ओर्का चालू दिसतो, टर्मिनलमधून स्पीच डिस्पॅचरला 'नमस्कार' म्हणायला सांगितलं तर तो काम झाल्याचं कळवतो, आवाज मात्र नाही. ओर्का काढून परत घातला. स्पीच डिस्पॅचरची सेटिंगं नव्याने तयार केली. संध्याकाळ गेली.

कारण: मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला. पाइपवायरने तोच आवाजाचा मुख्य मार्ग धरला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. बाकीच्या यंत्रांना व्हीजीए केबल असल्यामुळे तिथे हे झालं नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयचं प्रोफाइल 'ऑफ' केलं. नुसता मुख्य मार्ग बदलून भागत नाही, कारण कोणी मॉनिटर काढून परत लावला की पुन्हा तिकडे उडी मारण्याची शक्यता राहते.

कोणी हे काम करणार असेल तर क्रम उलटा धरा. आधी साधी आवाजाची फाइल हेडफोनवर वाजते का ते बघा. मग ईस्पीक थेट. मग स्पीच डिस्पॅचर. ओर्का सगळ्यात शेवटी. मी वरून खाली आलो, म्हणून वेळ गेला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज ताईंनी पकडलेली गोष्ट मला एकट्याला कधीच सापडली नसती. फाइल न साठवता बंद करताना जी चौकट येते, तिच्यात ओर्का 'नाही' च्या जागी 'ही' म्हणतो. 'रद्द' चं 'द्द'. मला आधी वाटलं ईस्पीकचा उच्चार गंडलाय. ताई म्हणाल्या, "उच्चार नाही रे, पहिलं अक्षर खातोय. आणि थोडं थांबून बटण दाबलं तरच खातोय. भराभर दाबलं तर नीट बोलतो."

निदान त्यांनी तिथेच केलेलं होतं. काही सेकंद शांतता गेली की आवाजाचा मार्ग झोपतो. पुढचा शब्द आला की जागा होतो, आणि जागा होईपर्यंत पहिला तुकडा गेलेला असतो. गाणी ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. स्क्रीन रीडरवाल्याचा प्रत्येक शब्द शांततेनंतरच येतो.

झोपवणारे दोघे निघाले. एक वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरचा कारभारी. तो पाच सेकंदांनी मार्ग झोपवतो. ती मर्यादा शून्य केली की झोपवत नाही. दुसरा खुद्द कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, इंटेल एचडीए साउंडचा ड्रायव्हर, त्याला वीज वाचवण्याची वेगळी सोय आहे. तीही मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरची सेटिंगं ठेवणाऱ्या) फाइलीत एक ओळ घालून शून्य केली. एकच केलं तर त्रास कमी होतो, जात नाही. म्हणून आधी वायरप्लंबरची मर्यादा बदलूनही 'काहीच फरक नाही' असं वाटलं आणि मी तो बदल काढूनही टाकला होता.

आणखी एक खड्डा. या विषयावरचे बहुतेक उपाय वायरप्लंबर ०.४ च्या काळातले आहेत, तेव्हा सेटिंग लुआ भाषेतल्या फाइलीत लिहायची. ०.५ पासून ती पद्धत बंद झाली आणि साधी कॉन्फ फाइल आली. डेबियन १३ मध्ये ०.५ आहे. जुनी लुआ फाइल ठेवली तर तक्रार कसलीच येत नाही, ती फक्त वाचली जात नाही. तास-दीड तास यातच गेला.

वीजबिलाची चिंता काकांनी व्यक्त केली. साउंड कार्ड जागं ठेवायला लागणारी वीज अभ्यासिकेतल्या एका पंख्यापुढे काहीच नाही, असं सांगितल्यावर ते पंखे बंद करायला गेले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. गेले काही आठवडे संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालू आहेत आणि खिडक्या बंद करूनही स्पीकरवरचं काही ऐकू येत नाही. पासोड्या विठोबापाशी कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घेतले, ₹३८० चा एक. ब्लूटूथचे मुद्दाम टाळले. आवाज किंचित उशिरा येतो, आणि चार्जिंग संपलं की पुन्हा तीच शांतता.

काम विसर्जनानंतरच. पेठेत राहून गणपतीत काम करतो म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालली, मग झोप. आज लॉगिनचा पडदा.

माटेवर तो पडदा लाइटडीएम दाखवतो. त्याच्या जीटीके ग्रीटरच्या सेटिंग फाइलीत दोन ओळी लागतात. एका ओळीत वाचक म्हणून ओर्काचं नाव. दुसऱ्या ओळीत सुलभतेच्या सोयींच्या यादीत 'रीडर' च्या आधी अधिक चिन्ह, म्हणजे तो सुरुवातीपासून चालू राहतो. ते चिन्ह विसरलं तर ओर्का 'उपलब्ध' असतो पण बोलत नाही.

बोलायला लागला, तर पुन्हा पहिलं अक्षर खातोय! मी दोन आठवड्यांपूर्वीची नोंद उघडून बघितली आणि उलगडा झाला. लॉगिनचा पडदा वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. मी वायरप्लंबरची फाइल ताईंच्या होम फोल्डरात ठेवली होती, ती त्याला लागू नाही. फाइल सगळ्यांना लागू होणाऱ्या ईटीसी फोल्डरात हलवली. सुरुवातीलाच तिथे ठेवा.

वीज गेली-आली की यंत्र आधी ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या) मेनूवर थांबतं, आणि ग्रब बोलत नाही. मेनूची वाट बघण्याची वेळ शून्य केली. एकच प्रणाली असलेल्या यंत्रावर त्या मेनूचा तसाही उपयोग नव्हता.

१३ सप्टेंबर, शनिवार

ताईंचा पहिला पूर्ण दिवस. बोटांना एनव्हीडीएची सवय, त्यामुळे गंमत-जंमत.

एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि स्पेस दाबलं की वेबपानावर वाचायचं की लिहायचं ते बदलतं. ओर्कात त्याच कळांनी ओर्काच्या सेटिंगची खिडकी उघडते. त्यामुळे कुठलाही फॉर्म भरताना दर दोन मिनिटांनी ताई सेटिंगमध्ये. ओर्कातली खरी कळ इन्सर्ट आणि 'ए'. तसंच इन्सर्ट आणि 'टी' वर एनव्हीडीए खिडकीचं नाव सांगतो, ओर्का घड्याळातली वेळ सांगतो. "मी कुठे आहे विचारलं तर किती वाजले सांगतोय," ताई म्हणाल्या.

ओर्काच्या सेटिंगमधल्या की-बाइंडिंगच्या भागात या दोन्ही बदलता येतात. बदलून दिल्या. मग ताईंनीच त्यातली एक परत मूळची करायला लावली. नवीन येणाऱ्या मुलांना ओर्काची मूळची शिकवू, सगळंच एनव्हीडीएसारखं करायला नको, असं त्यांचं मत. मला ते पटलेलं नाही, पण वापरणार त्या आहेत.

वेबपानांवर मथळ्यासाठी 'एच', बटणासाठी 'बी' या उड्या दोन्हीकडे सारख्याच आहेत. तिथे काही शिकावं लागलं नाही.

ओर्काचं मराठी भाषांतर अपुरं आहे. डेस्कटॉप मराठीत ठेवला तर एकाच वाक्यात दोन शब्द मराठी, तीन इंग्रजी येतात. ताईंनी मेनू इंग्रजीत आणि आवाज मराठी असा मेळ निवडला. ईस्पीकच्या मराठी आवाजाला रोमन अक्षरं दिसली की तो तेवढ्यापुरता इंग्रजीवर जातो, त्यामुळे हा मेळ चालतो. त्या इंग्रजीला मात्र फार नावं ठेवली गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ते बिल आलं. लिबरऑफिस उघडतं, पडद्यावर सगळं दिसतं, ओर्का गप्प. ताईंनी कानांनी लावलेल्या पहिल्या यंत्रावर बोलतं, मी लावलेल्यांवर नाही. फरक होता 'शिफारस केलेली पॅकेजेस नकोत' या पर्यायाचा. लिबरऑफिसला पडद्यामागे जीटीके-३ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) चा जोड नसेल तर ते आपल्या जुन्या चित्र-पद्धतीने खिडक्या काढतं आणि ओर्कापर्यंत काही पोचत नाही. 'लिबरऑफिस-जीटीके३' हे पॅकेज टाकलं, पुन्हा लॉगिन केलं, बोलायला लागलं.

एवढंच. पण अशा यंत्रांवर शिफारशी कधीही वगळू नका.

२१ सप्टेंबर, रविवार

आता उच्चार. एनव्हीडीएही ईस्पीक एनजीच सोबत देतो, म्हणजे मुलांच्या कानांना हा आवाज ओळखीचा आहे. तो यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी अक्षरं तुटत नाहीत, म्हणून जाणकार हाच निवडतात. ईस्पीक मुळात १९९५ मध्ये जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न संगणकांसाठी लिहिलं, आणि इतकं लहान आहे की या जुन्या यंत्रांना त्याचा भार जाणवतही नाही.

मला खटकत होते ते च, ज, झ चे दोन उच्चार. लेखनावरून ते कळत नाहीत. 'जन्म' मधला ज वेगळा, 'जरा' मधला वेगळा. त्यातही 'जात पडताळणी' मधली जात आणि 'तो जात आहे' मधलं जात लिहायला एकच. राज्यसेवेच्या पुस्तकात दोन्ही एका पानावर असतात.

मराठीचे नियम दोन फाइलींत आहेत: एकीत अक्षरांवरून ध्वनी ठरवण्याचे नियम, दुसरीत अपवादांची यादी. यादीत कंस घालून दोन-तीन शब्दांचा गटही देता येतो, त्यामुळे 'जात पडताळणी', 'जात प्रमाणपत्र' असे गट वेगळे टाकता आले. शब्दाचा उच्चार कसा ठरला ते बघायला ईस्पीकला मोठ्या एक्सचा पर्याय द्यायचा. कुठला नियम लागला ते तो ओळीओळीने छापतो. लहान एक्स दिला तर नुसते ध्वनी छापतो. ध्वनींची नावं मनाने लिहू नका. जो शब्द बरोबर उच्चारला जातो त्याचे ध्वनी छापून घ्या आणि तेच तुकडे वापरा.

दुपार वाया गेली ती अशी: नियमांच्या फाइली मी प्रकल्पाच्या ताज्या शाखेतून घेतल्या आणि यंत्रावरच्या ईस्पीकने त्यांचा शब्दकोश बनवला. शब्दकोश बनला, एरर नाही, पण बोलणं बोबडं. शब्दकोशात ध्वनी आकड्यांनी साठवलेले असतात आणि ते आकडे त्या-त्या आवृत्तीच्या ध्वनितक्त्याशीच जुळतात. डेबियनच्या पॅकेजचाच स्रोत उतरवून घेतला, त्यात यादी घातली, पुन्हा बनवलं. आता ठीक.

२८ सप्टेंबर, रविवार

यादी शेपन्नास शब्दांची झाली होती, मोठ्या अभिमानाने ताईंना ऐकवली. त्या ज्या वेगाने ऐकतात त्या वेगात मला शब्दच कळत नाहीत. ऐकून म्हणाल्या, "छान केलंस. पण जात-बित मला संदर्भाने कळतंच रे. मला आकडे नीट हवेत."

त्यांचं म्हणणं असं: वेगात सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गल्लत होते. इंग्रजीत दशक आधी येतं, मराठीत एकक आधी आणि तेही दशकात विरघळून. आसनक्रमांक, मोबाइल नंबर, ओटीपी ऐकताना जीव जातो.

उपाय ओर्कातच होता, मी बघितला नव्हता: बोलण्याच्या सेटिंगमध्ये 'आकडे सुटे सुटे वाचा' असा पर्याय आहे. चालू केला. मग सनावळी 'एक नऊ पाच शून्य' अशा यायला लागल्या, इतिहासाच्या पुस्तकात ते असह्य. ओर्कात वेगवेगळी प्रोफाइलं ठेवता येतात. एक 'वाचन', एक 'फॉर्म'. फॉर्म भरताना दुसरं लावायचं. पाच मिनिटांचं काम.

च-ज ची यादी ईस्पीक एनजीच्या प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) म्हणून पाठवली आहे. स्वीकारली गेली तर पुढे एनव्हीडीएतही येईल, म्हणून नीट तपासून पाठवली: सोलापूरकडच्या आणि नागपूरच्या मुलांनाही ऐकवली. काही शब्दांवर एकमत झालं नाही, ते काढून टाकले. पुण्याचा उच्चार सगळ्या महाराष्ट्राच्या कानात घालायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला काकांनी पाचही यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, त्यातल्या एकीची पाकळी कीबोर्डात गेली आणि 'एफ' कळ अडकली. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत 'एफ' वर ऱ्हस्व वेलांटी आहे. ती अडकली की मराठी थांबते.

कीबोर्ड इनस्क्रिप्टच ठेवलाय, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. उच्चारावरून टाइप करायच्या पद्धतीत यादीतून शब्द निवडावा लागतो आणि ती यादी ओर्का दर वेळी नीट वाचेल याची खात्री नाही. इनस्क्रिप्टला यादीच नाही. कळ दाबली, अक्षर आलं.

आजची खरी अडचण मात्र वेगळी. ताईंना नोट्समध्ये 'दुसऱ्या' शोधून सापडेना, आणि तो शब्द तिथे आहे हे त्यांना पाठ होतं. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नोट्स वेगवेगळ्या मुलांनी वेगवेगळ्या साधनांनी टाइप केलेल्या, त्यामुळे फाइलीत दोन्ही. डोळसाला दिसून जातं, शोधून काम करणाऱ्याचं अडतं.

पायथनची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या फाइलींत पहिली तऱ्हा केली. 'पुऱ्या', 'वाऱ्यावर', 'साताऱ्याच्या' असे शब्द आधी एका प्रतीवर तपासले. 'कार्य' सारख्या शब्दांतला रफार वेगळा आहे, तो बदलता कामा नये. जोडचिन्ह असेल तिथेच हात लावायचा.

युनिकोडपूर्व फाँटमधल्या जुन्या फायलींना हा उपाय चालत नाही. त्या ओर्काला रोमन अक्षरांचा कचरा म्हणून दिसतात. त्यांचं रूपांतर हे वेगळंच काम आहे, यात घेतलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

अभ्यासिकेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने प्रश्नसंचाचा सराव करायला छोटा कार्यक्रम लिहिलाय, पायथन आणि जीटीके-४ मध्ये, स्रोत खुला. डोळस मुलं रोज वापरतात. ओर्कावर चालवला तर: "बटण. बटण. बटण. रेडिओ बटण."

सगळी बटणं नुसत्या चित्रांची होती. जीटीके-४ मध्ये सुलभतेचा भाग नव्याने लिहिला गेला, जुना एटीके (आधीचा सुलभतेचा भाग) गेला, आणि नावं देणं सोपं झालं. खिडकीच्या यूआय फाइलीत त्या बटणाखाली 'ॲक्सेसिबिलिटी' चा तुकडा घालून त्यात लेबल लिहायचं. पायथनला हातही लावावा लागला नाही. पर्यायांच्या रेडिओ बटणांना 'लेबल्ड-बाय' च्या नात्याने शेजारचा मजकूर जोडला. काय जोडलं गेलं ते, सुलभतेची माहिती उघडून दाखवणाऱ्या अ‍ॅक्सरसायझरमध्ये तपासलं.

मग खरी डोकेदुखी. 'पुढचा प्रश्न' दाबलं की प्रश्न बदलतो, पण फोकस बटणावरच राहतो, म्हणून ओर्का गप्प. प्रश्न साध्या लेबलात होता आणि साध्या लेबलावर फोकस जात नाही. लेबल निवडता येण्याजोगं केलं. आता फोकस जातो, पण जाताच अख्खा प्रश्न निवडला जातो आणि ओर्का प्रश्न वाचून शेवटी 'सिलेक्टेड' म्हणतो. शिवाय त्यात बाणाच्या कळांनी शब्दाशब्दाने फिरायचं तर गोंधळ. शेवटी लेबल काढून तिथे फक्त-वाचायची मजकूर-चौकट घातली, कर्सर दिसता ठेवला. आता प्रश्न आपोआप वाचला जातो आणि हवं तिथे थांबून अक्षरही तपासता येतं. टॅबची कळ त्या चौकटीत अडकू नये म्हणून 'ॲक्सेप्ट्स-टॅब' बंद केलं.

घड्याळ. कोपऱ्यातली उलटी मोजणी दर सेकंदाला बदलते, ती ओर्काने वाचू नये हे बरं, पण मग वेळ कळणार कशी? जीटीके ४.१४ पासून कुठल्याही घटकाकडून घोषणा करवता येते. दहा मिनिटं, पाच मिनिटं, एक मिनिट उरलं की घोषणा. आधी 'तातडीची' केली होती, ती प्रश्न मधेच तोडून बोलायची. मधल्या दर्जाची केल्यावर ठीक झालं.

हे बदल मूळ लेखकाला पाठवले, त्याने त्याच रात्री घेतले आणि लिहिलं, "दादा, मला कोणी सांगितलंच नव्हतं."

१५ ऑक्टोबर, बुधवार

पाचवं यंत्र, गनोम ४८. सुपर, ऑल्ट आणि ८ दाबलं की भिंग चालू, अधिक-उणेने लहान-मोठं. ४ जीबीत ब्राउझर उघडला की रडायला लागतं, ८ केल्यावर बरं. इथे एक्स-११ च्या जागी आलेलं वेलँड आहे, आणि या आवृत्तीपासून वेलँडवरही इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक ओर्काची कळ म्हणून चालते, त्यामुळे कोणी लॅपटॉपची मांडणी मागितली तरी हरकत नाही.

अल्पदृष्टी मुलांपैकी एकाने भिंग बघितलं, दोन मिनिटं वापरलं आणि म्हणाला, "यापेक्षा फाँट मोठा करून द्या आणि रंग उलटे करा, भिंगात मान सारखी फिरवावी लागते." तसं करून दिलं. भिंग दुसरी एक जण वापरते.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, पाचातली चार यंत्रं रोज भरलेली. तीन नंबरच्या यंत्राचं मदरबोर्ड गेलं. दुरुस्तीवाला ₹२,२०० म्हणतोय, काका विचार करताहेत. त्याची एसएसडी आणि रॅम काढून ठेवली.

खर्च: एसएसडी ₹५,८००, रॅम ₹२,५००, हेडफोन ₹१,९००, बॅटरी ₹३०, नवा कीबोर्ड ₹३५०. एकूण ₹१०,५८०.

राहिलेलं काम: ब्रेल डिस्प्ले. त्याला लागणारे बीआरएलटीटीवाय (डिस्प्ले चालवणारा) आणि लिबलुईस (मजकुराचं ब्रेल करणारा) डेबियनमध्ये आहेत. डिस्प्लेच नाही. कोणाकडून आठवडाभर उसना मिळाला तर बघू. स्वतः बनवलेला मराठी शब्दकोश ईस्पीकचं पॅकेज बदललं की पुसला जाईल, म्हणून ते पॅकेज होल्डवर टाकलंय, म्हणजे ते आपोआप बदलणार नाही, आणि शब्दांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवलीय. ताई त्यात रोज भर घालतात. आजचे शब्द 'चाचणी', 'जुजबी' आणि 'झुंज'.